चुकीचे मूळ शोधणारी परीक्षा

गेल्या माघात माती परीक्षणाचे अहवाल द्यायला मी एका गावी गेलो होतो. उन्हाळ कांद्याची लागण नुकतीच उरकली होती. ओसरीवर बसून मी यजमानांना अहवाल समजावून देत होतो. नत्र कमी, स्फुरद मध्यम, पालाश भरपूर. तेव्हा पालाशवरचा खर्च यंदा वाचवा, असे माझे सांगणे चालले होते. शेजारी त्यांची पाचवीतली मुलगी गणिताची वही घेऊन बसली होती. वहीच्या पानावर लाल शाईच्या फुल्याच फुल्या होत्या आणि कोपऱ्यात लिहिले होते : १० पैकी २.

यजमानांची नजर तिकडे गेली. म्हणाले, "बघा साहेब, हिच्या डोक्यात काही शिरतच नाही. पाचवीला आता परीक्षा असते म्हणतात. नापास झाली तर घरीच ठेवतो. निंदणी-खुरपणीला दोन हात तरी होतील."

मुलीने वही हळूच पाठीमागे सरकवली. तेवढ्यात आतून तिची आई म्हणाली, "असं कसं म्हणता? दुधाचा हिशोब तर तीच ठेवते. परवा डेअरीत सात रुपये कमी दिले, ते हिनेच पकडले की!"

ही गोष्ट मला चमत्कारिक वाटली. जी मुलगी दुधाच्या पैशांत सात रुपयांची तफावत पकडते, तिला वजाबाकीत दहापैकी दोन गुण कसे? मी वही मागून घेतली. तिने लिहिले होते :

५२ वजा २७ = ३५
६३ वजा ४८ = २५
८१ वजा ३६ = ५५
९० वजा ३४ = ६४
७४ वजा २१ = ५३

यांतले शेवटचे तेवढे बरोबर. वाचकहो, आपणही क्षणभर थांबून ही उत्तरे पाहा. ५२ मधून २७ वजा करताना दोनातून सात जात नाहीत, म्हणून पोरीने सातातून दोन वजा केले आणि पाच लिहिले. तिसऱ्या उदाहरणात एकातून सहा जात नाहीत, म्हणून सहातून एक. प्रत्येक ठिकाणी तिने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता. जिथे हातचा घ्यावा लागत नव्हता, तिथे उत्तर आपोआप बरोबर आले. म्हणजे चूक एकच होती. ती आठ ठिकाणी उगवली होती.

लाल फुलीने एवढेच सांगितले की पीक आले नाही. का आले नाही, ते सांगितले नाही.

मला माझीच लाज वाटली. पंधरा वर्षांपूर्वी माझा थोरला मुलगा गणितात असाच मागे पडला, तेव्हा मी फक्त गुणपत्रक पाहत होतो. एक शिकवणी लावली, मग दुसरी लावली, रागावलो, एकदा हातही उगारला. चोपण जमिनीवर युरियाची पोती ओतावीत, तसा तो प्रकार होता. जन्मभर लोकांना "आधी माती तपासा, मग खत द्या" असे सांगत आलो आणि घरी मात्र न तपासताच खत टाकत राहिलो.

१९७८ सालचा एक शोध

मुलांच्या चुकांमधून त्यांचे मूळ कारण यंत्राकरवी शोधता येईल काय, हा प्रश्न आजचा नाही. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७८ साली नेमका याच विषयावर निबंध प्रसिद्ध केला. त्या दशकात मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या देशात प्राथमिक शाळांना रेडिओवरून गणित शिकवण्याचा प्रकल्प चालू होता. तेथील सुमारे तेराशे मुलांनी सोडवलेल्या वजाबाक्या या दोघांनी संगणकाकडून तपासून घेतल्या. उत्तर बरोबर की चूक एवढ्यावर संगणक थांबला नाही. अमुक मुलाने कोणता चुकीचा नियम धरला असता त्याची ही सगळी उत्तरे अशीच आली असती, हे तो शोधत होता.

अशा चुकीच्या नियमाला त्यांनी 'बग' म्हटले. इंग्रजीत बग म्हणजे किडा. आपल्या पाचवीतल्या मुलीला लागलेला किडा, म्हणजे मोठ्यातून लहान वजा करणे, त्यांच्या यादीत होताच. शून्यातून चार जात नाहीत म्हणून सरळ चारच लिहिणे, हाही एक. शेजारच्या घरात शून्य असले की हातचा कोठून घ्यावा हे न उमगणे, हा आणखी एक. कित्येक मुलांना असे दोन-दोन किडे एकदम लागलेले असत.

यावरून जे निघाले, ते प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. चुकणारे मूल नेहमीच निष्काळजी किंवा मंद असते असे नाही. पुष्कळदा ते एक चुकीचा नियम फार इमानाने पाळत असते. त्या एका नियमावर बोट ठेवले, तर सारे पान सुधारते. न ठेवले, तर शंभर उदाहरणे घालूनही तीच चूक शंभर वेळा गिरवली जाते.

याच संशोधकांनी होतकरू शिक्षकांसाठी संगणकावर एक खेळही केला होता. त्यात संगणक चुकणाऱ्या मुलाचे सोंग घेई आणि त्याला कोणता किडा लागला आहे, ते शिक्षकाने ओळखायचे. यंत्राने शिक्षकाची जागा घ्यावी असा त्यांचा हेतू नव्हता. शिक्षकाची नजर तयार व्हावी, असा होता.

गुरुजींना दोष देऊ नका

कोणी म्हणेल, एवढे तर गुरुजींनाच दिसायला हवे. खरे आहे, परंतु त्यांची अडचणही पाहा. आपल्या खेड्यांतील कित्येक शाळा द्विशिक्षकी आहेत. एकेका गुरुजींकडे दोन-तीन वर्ग, त्यांच्या वह्या, वर माहितीचे तक्ते. एका मुलाचे पान पाहून चुकीचे मूळ काढायला पाच मिनिटे धरली, तर चाळीस मुलांना तीन तासांवर वेळ लागतो, तोही एका विषयाला. येथेच यंत्राचा उपयोग होऊ शकतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द हल्ली सर्वांच्या कानांवर येतो. त्याचा साधा अर्थ असा : संगणकाला हजारो-लाखो उदाहरणे दाखवतात आणि त्यांतून तो स्वतःच ठोकताळे बांधतो. जाणता शेतकरी पान पाहून जस्त कमी पडले की लोह, ते सांगतो. शेकडो पाने पाहून त्याला ते आलेले असते. यंत्राचेही तसेच. फरक इतकाच की पाहिलेली पाने यंत्र विसरत नाही, आणि शेत मात्र ते कधी पाहत नाही.

दिल्लीतील अनुभव

आपल्याच देशातील एक चोख अभ्यास सांगतो. दिल्लीत शाळा सुटल्यावर मुलांना संगणकावर गणित आणि हिंदी शिकवणारी काही केंद्रे होती. 'माइंडस्पार्क' हे त्या संगणक-कार्यक्रमाचे नाव. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंह आणि अलेहांद्रो गानिमियान या अर्थशास्त्रज्ञांनी ६१९ मुले घेतली, चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या निम्म्यांना मोफत प्रवेश दिला आणि सुमारे साडेचार महिन्यांनी दोन्ही गट तपासले. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला.

या कार्यक्रमाची पहिली पायरी म्हणजे तपासणी. मूल कितवीत आहे हे यंत्र धरून चालत नाही. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न थोडा अवघड, चुकले की थोडा सोपा, असे करत मूल खरोखर कोणत्या पायरीवर उभे आहे ते काढतात आणि तेथूनच शिकवायला सुरुवात करतात. तपासले तेव्हा असे दिसले की सहावीतले मूल गणितात सरासरीने अडीच इयत्ता मागे होते. म्हणजे वर्गात सहावीचे धडे चालत आणि मूल चौथीच्याही अलीकडे अडकलेले असे.

साडेचार महिन्यांनी, ज्यांना ही सोय मिळाली त्यांची गणितातील प्रगती इतरांच्या सुमारे दुप्पट निघाली. हिंदीतही चांगला फरक पडला. पण दोन गोष्टी विसरू नयेत. एक म्हणजे, त्या केंद्रात निम्मा वेळ संगणक आणि निम्मा वेळ लहान गटाला शिकवणारा माणूस अशी व्यवस्था होती. दुसरी अशी की, शाळेच्या नेहमीच्या गणिताच्या परीक्षेत ही प्रगती फारशी उमटली नाही. कारण उघड आहे. मूल तिसरीच्या पायरीवरून चौथीच्या पायरीवर आले, पण प्रश्नपत्रिका सातवीची. आंब्याचे रोप गुडघ्याएवढे झाले की कमरेएवढे, हे फळे मोजणाऱ्या माणसाला कसे कळणार?

वाचनाची तपासणीही याच धर्तीवर होऊ शकते. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होते. त्यात कार्यकर्ते घरोघर जाऊन मुलाला अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट मोठ्याने वाचायला सांगतात. २०२२ सालच्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. आता मूल वाचत असताना ऐकून, कोणता शब्द अडला ते टिपणारे मोबाईल कार्यक्रमही निघाले आहेत. गूगलने असा एक कार्यक्रम २०१९ साली भारतात हिंदी आणि इंग्रजीसाठी आणला आणि २०२० साली त्यात मराठीचीही भर घातली.

नमुना चुकला की अहवाल चुकला

मातीचा नमुना कसा घ्यावा, हे मी आजवर हजार वेळा सांगितले असेल. बांधाजवळची माती नको, झाडाखालची नको, उकिरड्याशेजारची तर नकोच. शेतात नागमोडी फिरून ठिकठिकाणी खड्डे घ्यावेत, माती एकत्र कालवून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, असे करत अर्धा किलो ठेवावी. नमुना बांधाचा आणि पेरणी मधल्या शेतात, असे केले तर प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी अहवाल खोटाच.

यंत्रालाही हेच लागू आहे. ज्या मुलांच्या वह्यांवर किंवा आवाजांवर ते शिकले, त्याच मुलांना ते नीट ओळखते. अमेरिकेत २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच मोठ्या कंपन्यांची, बोललेले ऐकून लिहून घेणारी यंत्रे त्यात तपासली होती. गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या. कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. भाषा एकच, इंग्रजी. उद्या शहरातील मुलांच्या बोलीवर तयार झालेले यंत्र अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी वळणाने मराठी वाचणाऱ्या मुलाला "वाचता येत नाही" म्हणणार असेल, तर दोष कोणाचा?

याहून मोठा धडा इंग्लंडने घेतला. कोरोनाच्या साथीमुळे २०२० साली तेथील बारावीच्या तोडीच्या परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याची अंदाजे श्रेणी कळवली. सरकारी परीक्षा नियामकाने त्या श्रेणी एका गणिती सूत्रातून काढल्या आणि त्या सूत्रात शाळेच्या मागील वर्षांच्या निकालांना मोठे वजन होते. १३ ऑगस्टला निकाल लागला, तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे ४० टक्के श्रेणी खाली आल्या होत्या. ज्या शाळेचा निकाल आजवर बेताचा, तेथील हुशार मुलगा मागच्यांच्या पापाने मागे पडला. अगदी लहान वर्गांना शिक्षकांचीच श्रेणी मिळाली आणि असे लहान वर्ग खाजगी शाळांत अधिक. मुले रस्त्यावर आली. चारच दिवसांनी, १७ ऑगस्टला, सरकारला तो निकाल मागे घेऊन शिक्षकांची श्रेणी मान्य करावी लागली.

ते सूत्र म्हणजे आजच्यासारखे शिकणारे यंत्रही नव्हते. पण धडा तोच. गावाचा सरासरी पाऊस पाहून एखाद्याच्या विहिरीचे पाणी सांगता येत नाही. त्यासाठी विहिरीत डोकवावे लागते.

महाराष्ट्रात २०२३ साली पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणि त्यात नापास झालेल्यांसाठी पुनर्परीक्षा आली. तीतही नापास झाले तर मूल त्याच वर्गात राहू शकते. म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. मूल कोठे अडले हे शोधायला यंत्र खुशाल वापरावे. मुलाला पुढे ढकलावे की मागे ठेवावे, हा निवाडा मात्र त्याला ओळखणाऱ्या आणि "असे का?" म्हणून विचारता येईल अशा माणसाच्याच हाती असावा. यंत्राला जाऊन कोणी जाब विचारू शकत नाही.

घरी करता येण्याजोगे

आता हे सर्व वाचून मोबाईल घ्यायला धावू नये. पुढील गोष्टींना पैसा लागत नाही.

एक : महिन्यातून एकदा मुलाकडून दुसरीच्या पुस्तकातील एक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या, मग ते मूल पाचवीत असो वा सातवीत. आईबापांना वाचता येत नसले तरी अडखळणे ऐकू येते.

दोन : गणिताची वही आली की गुण नंतर पाहा. चुकलेल्या एका उदाहरणावर बोट ठेवून शांतपणे विचारा, "हे तू कसे केलेस?" मूल सांगू लागले की किडा आपोआप बाहेर येतो. रागावलात तर तो आत दडून बसतो.

तीन : शाळेत गेल्यावर "आमचा पास होईल ना?" याऐवजी "आमचा नेमका कशात अडतो?" असे गुरुजींना विचारा.

चार : शाळेत मोबाईल किंवा संगणकावर तपासणी होत असेल, तर अवश्य विचारा : ही मराठीत आहे काय? निकाल गुरुजी स्वतः पडताळून पाहतात काय? पटला नाही तर पुन्हा तपासणी होईल काय? मुलाचे नाव, आवाज आणि फोटो कोणाकडे जातात?

पाच : वहीचा फोटो दाखवून चूक विचारता येईल असे कार्यक्रम हल्ली मोबाईलवर आहेत. ते पुष्कळदा बरोबर सांगतात. पण चुकीचे सांगतात तेही तितक्याच ठामपणे. त्यांचे उत्तर शेजाऱ्याच्या सल्ल्यासारखे ऐकावे, पडताळावे, मगच धरावे.

दहाची नोट

त्या दिवशी ओसरीवर माझ्याजवळ कोणतेच यंत्र नव्हते. मी मुलीच्या आईला दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी आणायला सांगितली. पोरीला म्हटले, "हे बावन्न रुपये तुझे. मला सत्तावीस दे."

तिने दोन नोटा काढून दिल्या. मग दोन नाण्यांकडे पाहिले आणि आईला म्हणाली, "आई, एक नोट मोडून दे."

आईने डब्यातून दहा नाणी मोजून दिली. पोरीने बारांतली सात मला दिली आणि उरलेले हातात धरून म्हणाली, "पंचवीस राहिले."

मी वही पुढे केली. "आता सांग, ती मोडलेली नोट या वहीत कुठे आहे?"

ती बराच वेळ त्या ५२ कडे पाहत राहिली. मग तिने पाच खोडून वर चार लिहिले, दोन खोडून वर बारा लिहिले, आणि माझ्याकडे न पाहता उत्तर मांडले : २५. पुढची उदाहरणे करायला तिला कोणी सांगितले नाही. ९० वजा ३४ पाशी ती थोडी थबकली, पुटपुटली, "नाणं एकही नाही, मग नोट मोडायची," आणि ५६ लिहिले.

यजमान एकटक बघत होते. माती परीक्षणाचा कागद अजून त्यांच्या हातातच होता. निघताना मला वेशीपर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले, "साहेब, माती तीन वर्षांनी तपासा म्हणता. पोरीचं किती दिवसांनी तपासायचं?"

मी म्हटले, "रोज संध्याकाळी, दिवा लागल्यावर. पाच मिनिटं पुरेत."

पुढच्या भेटीत गुरुजींनाही भेटलो. वर्गातल्या आणखी सहा मुलांना तोच किडा लागलेला त्यांना आढळला होता आणि त्यांनी काडेपेटीतील काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधून ठेवले होते.

मुलगी यंदा सहावीत आहे. दुधाचा हिशोब अजून तिच्याकडेच आहे.